घोडीच्या पोटातला जावई

नान्तिगोव,
३ डिसेंबर १९२९

चि. एलुनेड हीस तेगवेन आत्याचे पोटभर आशीर्वाद, आणि पाठीत एक धपाटा.

तुझं पत्र पोचलं. सिरिल नावाच्या इंग्रजाशी लग्न ठरवल्याची बातमी तू थंडीच्या चौकशीनंतर आणि सर्दीच्या औषधाआधी हळूच सरकवलीस. बापाच्या नजरेतून सुटेल असं वाटलं होय तुला? तो नेहमीसारखा मोठ्याने वाचत होता. त्या ओळीपाशी थांबला, चष्मा पुसला, परत वाचली. पुढचं पत्र मलाच वाचावं लागलं.

चहाच्या वेळी त्याने मला आणि मांजराला निकाल सुनावला. ज्याला आपली वेल्श भाषा येत नाही त्याने या घराचा उंबरठा ओलांडायचा नाही, आणि अशा लग्नाला तो पाऊल ठेवणार नाही. मी म्हटलं, बायबलातली रूथसुद्धा परक्या मुलखातून आलेली सूनच होती की. तर म्हणतो, रूथ भाषा शिकली असणार. तुझ्या बापासारख्या चॅपेलच्या, गावच्या प्रार्थनाघराच्या, कारभाऱ्याशी धर्मावर वाद घालू नये, तो धर्मग्रंथात नसलेलंही काढून दाखवतो.

तू रडत बसू नकोस. बापाच्या हाताला धरून चॅपेलमध्ये शिरायचं हे तू लहानपणापासून घोकते आहेस, ते असं वाया जाऊ द्यायचं नाही. मला एक युक्ती सुचली आहे.

नव्या वर्षाच्या पहिल्या संध्याकाळी लोहार गेथिन आणि त्याची टोळी मारी घोडी घेऊन दारोदार येते, ते तू विसरली नसशील. तीच जुनी घोडीची कवटी, तेच बाटलीच्या बुडाचे डोळे आणि आत माणूस दडवणारी तीच पांढरी चादर. बाहेरून टोळीने कडव्यांतून शिव्या घालायच्या, आतून आपण बंद दाराआडून कडव्यांनीच उत्तर द्यायचं. ज्याची कडवी संपली तो हरला. घर हरलं की दार उघडायचं, आणि दाराशी जो असेल त्याला आत घेऊन खाऊ घालायचं, मग तो पोप का असेना. तुझा बाप रविवारी या प्रकाराला नास्तिकांचा तमाशा म्हणतो आणि सोमवारपासून दाढी करताना कडवी जुळवतो. तो आजवर हरलेला नाही. पण गेथिन यंदा पेटला आहे, आणि चादरीखालच्या माणसाला गावं लागत नाही, नुसता घोडीचा जबडा वाजवायचा. तिथे तुझा सिरिल घाल. एकदा उंबरठ्याच्या आत आला की त्याला बाहेर काढायची तुझ्या बापाची छाती नाही.

कळावे. लोभ आहेच, अक्कल असली तर तीही वाढव.

तुझी,
तेगवेन आत्या


लिव्हरपूल,
१४ डिसेंबर १९२९

ती. आत्यास एलुनेडचा साष्टांग नमस्कार, धपाटा मिळाला, वि. वि.

आत्या, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना? तरी सिरिल तयार झाला. आधी त्याने घाबरत विचारलं की घोडी जिवंत असते का. मी म्हटलं, बाबांपेक्षा कमी. आता रोज स्वयंपाकघरात दोन पातेली आपटून जबडा वाजवायचा सराव चालू आहे.

मला मात्र सुट्टी नाही. या महिन्यापासून इस्पितळाच्या वॉर्डात फ्लूचे रोगी भरले आहेत आणि मेट्रन रजेचं नाव काढू देत नाही. तो एकटाच येईल. त्याला सांभाळ, तो सहा फूट आहे आणि चादर आखूड आहे हे मला आठवतंय.

अजून एक. आमच्या घरमालकीण मिसेस पारी मूळच्या उत्तर वेल्सकडच्या, अँगलसी बेटावरच्या. भांडी घासता घासता त्यांनी त्याला वेल्श कडवी पाठ करून दिली आहेत. अर्थ त्याला अर्धाच कळतो, पण हौस दांडगी आहे. मी त्याला बजावलं आहे की तोंड उघडायचं नाही. तूही बजाव.

बाबांनी मला चार ओळीसुद्धा लिहिल्या नाहीत. मी हसून लिहिते आहे, पण आत्या, ते आले नाहीत तर मी चॅपेलच्या त्या दारातून एकटी कशी जाऊ?

कळावे. लोभ असू दे, आणि सिरिलला खायला घाल.

तुझी,
एलुनेड


नान्तिगोव,
२ जानेवारी १९३०

चि. एलुनेड हीस आशीर्वाद. बसून वाच.

काल दुपारपासून पाऊस. सिरिल आदल्या दिवशीच गेथिनकडे उतरला होता. दिवेलागणीला टोळी दाराशी आली. मी खिडकीतून पाहिलं तर घोडीच्या चादरीखालून शहरी विजारीचे पाय गुडघ्यापर्यंत दिसत होते. तुझा बाप दाराला पाठ लावून उभा होता, त्याने पाहिलं नाही.

गेथिनने त्याच्या टकलावरून सुरुवात केली. तुझ्या बापाने गेथिनच्या नाकावर उत्तर दिलं. मग गेथिन आमच्या पाणचट चहावर घसरला, याने त्याच्या भट्टीत लोखंडापेक्षा गप्पाच जास्त तापतात असं सुनावलं. हळूहळू बाहेरचा आवाज विरळ होत गेला. तुझा बाप दमला नव्हता. गेथिन पेटला होता खरा, पण पावसात विझला. टोळी परतायला वळली.

तेवढ्यात घोडीच गायला लागली.

बाई, काय आवाज तो. विहिरीत पडलेल्या बैलासारखा, आणि भाषा अस्सल उत्तरेची, मिसेस पारींची. तुझ्या घरात लोणी कमी आणि बाता फार, असं काहीसं होतं. तुझा बाप लालबुंद झाला. इंग्रज परवडला, पण उत्तरेकडचे वेल्श बोलतात की नाकात कापूस घालून शिंकतात हे त्याला आजवर कळलेलं नाही. या खोऱ्यात असं कुणी बोलत नाही, असं ओरडत त्याने दार सताड उघडलं.

मग गेथिनने टोपी काढली आणि फार अदबीने सांगितलं की दार उघडलं आहे.

चादरीतून सिरिल निघाला, कानापासून बुटापर्यंत निथळत. त्याने हात पुढे केला. दुसरं काही येत नव्हतं म्हणून दुसरं कडवं म्हणायला लागला. तुझ्या बापाने हात धरला नाही, पण उंबरठ्यावरच त्याची एकेक ओळ सुधारत राहिला, किटली उकळेपर्यंत. शेवटी मीच सिरिलला दंडाला धरून आत ओढला. त्याने वेल्श केकचा सगळा डबा संपवला.

एवढं झालं, तरी तुझा बाप लग्नाबद्दल हो म्हणाला नाही. सकाळी शाईची दौत मागून घेऊन वर गेला आहे. विचारलं तर दार लावून घेतलं. माझ्याच्याने आणखी काही होणार नाही.

लोभ नको, बातमी पाठव.

तेगवेन आत्या


नान्तिगोव,
२ जानेवारी १९३०

चि. एलुनेड हीस आशीर्वाद.

तुझ्या आत्याने तिखटमीठ लावून लिहिलंच असेल. मी उत्तरेकडच्या बोलीला चिडून दार उघडलं असं ती गावभर सांगते आहे. सांगू दे. खरं तुला सांगतो, ते तिच्या कानी जाऊ देऊ नकोस.

मी सात वर्षांचा असताना शाळेत सक्तीची इंग्रजी सोडून आपली भाषा बोललो. मास्तरांनी गळ्यात लाकडाची पाटी अडकवली आणि शाळा सुटताना छडीने हात सुजवले. मास्तर इंग्रज नव्हते, याच खोऱ्यातले होते, चॅपेलला यायचे. घरी येऊन मी आईशी वेल्शमध्ये रडलो. तेव्हापासून या उंबरठ्याच्या आत दुसरी भाषा येऊ द्यायची नाही असं मी ठरवलं होतं.

काल पहिल्या ओळीलाच कळलं की चादरीखाली इंग्रज आहे. कुणी त्याला छडी दाखवली नव्हती. पावसात उभा राहून, मेलेल्या घोडीचं डोकं धरून, तो आपण होऊन आमची भाषा चुकत होता. एलुनेड, माझ्याने ते दार लावून ठेववलं नाही.

लग्न इथल्या चॅपेलमध्ये होईल. तुझा हात धरून मीच आत आणीन. शपथ तो आपल्या वेल्शमध्ये घेईल. ती मी शिकवीन, म्हणून त्याला ईस्टरला पाठव.

कळावे. त्याच्यावर लोभ धरायला मला जरा वेळ लागेल. तोवर त्याला त्या उत्तरेकडच्या बाईच्या स्वयंपाकघरापासून लांब ठेव.

तुझा बाप,
इदवाल