मार्लीसआजींची बरणी

डब्लिन, ओहायो
रविवार, ५ ऑक्टोबर

ती. प्रीताआत्या,

सप्रेम जय भीम.

आधी एक दुरुस्ती. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की मी सॉअरक्राउट, म्हणजे जर्मन आंबवलेला कोबी, बिनचूक केला आणि शेजारच्या मार्लीसआजींनी मला शाबासकी दिली. यातली शाबासकी खरी आहे, कोबी खरा नाही. (शाळेत घालण्याआधी दोन वर्षं तू मला घरीच शिकवलंस, तेव्हा चूक पहिल्याच ओळीत लिहायची असा तुझा नियम होता. दुसऱ्या ओळीत गेली, कारण जय भीम आधी आला.)

तुझा गुडघा कसा आहे? गच्चीवर पापड वाळत घालायला चढू नकोस, दुसऱ्या कुणाला पाठव. मी ठणठणीत आहे, फक्त मन थाऱ्यावर नाही.

तर झालं असं. मार्लीसआजी एक्याऐंशीच्या आहेत, एकट्या राहतात, आणि गेले वर्षभर दर रविवारी मला जर्मन स्वयंपाक शिकवतात. बटाटा किसून केलेली धिरडी सफरचंदाच्या गोड चटणीबरोबर खायची, हे पहिल्यांदा मला पटलं नव्हतं. आता मी ऑफिसच्या डब्यातही तीच नेते. ऑगस्टमध्ये त्यांनी मला त्यांच्या आईची दगडासारखी जड बरणी दिली. ती आईने जर्मनीहून येताना बोटीवर मांडीत धरून आणली होती. कोबी बारीक चिर, मीठ चोळ, पाणी सुटेल, असं आजींनी सांगितलं. पाणी सुटलं. आता मीठ लावलेल्या कोबीला पाणी सुटलं की आपल्या घरात काय करतात? पिळतात. मीही पिळला, अगदी तुझ्यासारखा, थेंब राहू न देता, आणि पाणी सिंकमध्ये ओतलं. (त्याच पाण्यात बुडून तो आंबायचा असतो. पुढचं सांगायची आजींना गरज वाटली नसावी, कारण पाणी फेकणारं माणूस त्यांनी पाहिलंच नव्हतं.) महिन्याने झाकण काढलं तर आत बुरशीची गोधडी.

कोबी फेकला, बरणी तीनदा उकळत्या पाण्याने धुतली. पण कुणाचं भांडं रिकामं परत करू नये, हेही तुझंच. म्हणून नवा कोबी आणून त्याचं तुझ्या पद्धतीचं लोणचं केलं, मोहरीची डाळ, लिंबू, हिंग वगैरे घालून (मिरची नाही, आजींच्या पोटाची काळजी), आणि दारातच खरं सांगायचं ठरवून गेले. आजींनी तिथेच चमचा घातला. मग पायरीवर बसल्या, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "आईच्या हातची चव. साठ वर्षांनी." मी तोंड उघडलं, पण बाहेर पडलं ते 'थँक यू'.

आता शनिवारी दुपारी बाराला त्यांच्या जर्मन मंडळाची कोबीची स्पर्धा आहे. आजींनी आमची बरणी 'पारंपरिक' विभागात नोंदवली आहे आणि स्वतःच्या कापऱ्या अक्षरात कार्ड लिहिलंय: आईची पाककृती, मार्लीस आणि संघमित्रा. खरं सांगितलं तर त्यांना इतक्या वर्षांनी सापडलेली आई पुन्हा हरवेल. नाही सांगितलं तर त्या कार्डावर खोट्याखाली माझं नाव राहील, त्यांच्या आईच्या शेजारी. माझी रूममेट भावना म्हणते, "यार, कबूल कशाला करतेस? कोबी आहे तो, संविधान नाही." मला तेवढा फरक करता येत नाही, हीच अडचण आहे.

सर्वांना सप्रेम जय भीम सांग.

तुझी,
संघमित्रा

ता. क. १: यात काय काय घातलंस, असं आजींनी विचारलं होतं. मी 'मीठ' म्हणाले. ते खरं आहे. उरलेले सहा जिन्नस राहून गेले.

ता. क. २: तू पाठवलेल्या सोऱ्यातून शेव पाडते असं मी लिहिलं होतं. आजवर त्यातून फक्त श्पेत्स्ले पडले आहेत. ते जर्मन लोकांचे अंडं घातलेले मऊ शेवयांचे तुकडे असतात आणि फार छान लागतात. माफ कर.

ता. क. ३: पत्र खरं तर यासाठी लिहिलं. त्या दिवशी मी मोहरीची डाळ अंदाजाने घातली होती आणि तो अंदाज आता आठवत नाही. तुझं प्रमाण मंगळवारपर्यंत पाठव, म्हणजे बुधवारी माझ्याकडच्या दुसऱ्या बरणीत लोणचं घालून ते मुरेल. (पत्राचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकते आहे, तूही तसंच कर.) आजींचं उत्तर काय येईल ते येवो, पण एवढी मोठी गोष्ट सांगायला कुणाच्या दारात रिकाम्या हाताने जायचं नसतं. भरलेली बरणी घेऊन मी जाणार आहे, शनिवारी, ११ ऑक्टोबरला, सकाळी दहा वाजता.