शीर आणि भेग

मी, खाली सही करणार, वय एकाहत्तर, संगमरवराच्या खाणीत चाळीस वर्षे दगड कापण्याची वायर चालवलेला, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. छाती नाही, पण कायद्याला छातीशी कर्तव्य नाही. कोणाचा दबाव नाही. याआधी मृत्युपत्र केलेले नाही; धीर झाला नव्हता.

१. छिन्न्या, पाचरी, हातोडा व बँकेतील शिल्लक माझ्या एकुलत्या मुलीला. ती कारखान्यात लाद्यांना पॉलिश करते. तोंडाला फडके बांधल्याशिवाय तिने मशीन सुरू करू नये. ही अट नाही, विनंती आहे; अटी तिने कधी ऐकल्या नाहीत.

२. राहते घर, दोन खोल्या व मागची मोरी, माझ्या दिवंगत धाकट्या भावाच्या पत्नीला. कारण लिहिणे भाग आहे.

सव्वीस वर्षांपूर्वी आम्ही दोघा भावांनी डोंगरातून वीस टनांचा ठोकळा कापून आडवा पाडला. पांढराशुभ्र, अंगावर एक करडी रेघ. संगमरवरातली शीर आणि भेग सारख्याच दिसतात. पाणी मारून थांबावे लागते: शीर दगडाबरोबर वाळते, भेग ओली राहते. धाकट्याने पाणी मारले. म्हणाला, "दादा, वाळू दे जरा." खालून मुकादम ओरडत होता, ट्रक खोळंबलाय म्हणून. मी म्हणालो, "शीर आहे. उचलू." त्याने पुन्हा विचारले, "नक्की?" मी क्रेनवाल्याला हात केला.

ठोकळा रेघेवर दुभंगला. अर्धा धाकट्यावर आला.

चौकशीच्या वेळी मुकादम माझ्या कानाशी लागला, "क्रेनचा दोर त्यानेच बांधला होता ना?" मी होकारार्थी मान हलवली. कागदावर आले: मयताचा निष्काळजीपणा. खाणीने दिलेली खोली धाकटीला, म्हणजे त्याच्या बायकोला, आठवड्याच्या आत सोडावी लागली. नवऱ्याची चूक ती लोकांच्या तोंडून ऐकत राहिली, आणि माझी बायको गेल्यापासून मला रोज डबा आणत राहिली.

गेल्या महिन्यात मी तिला खरे सांगितले. ती डबा उघडत होती. "त्यांनी विचारलं होतं तुम्हाला?"

"दोनदा."

तिने झाकण लावले आणि डबा घेऊन गेली.

३. मुकादमाला काही नाही. अंत्ययात्रेला आला तर येऊ द्यावे. दोन शब्द बोलायला उभा राहिला तर खाली बसवावे.

४. माझ्या पश्चात मुलीने कलम दोनची नक्कल खाणीच्या कार्यालयात द्यावी, पोच घ्यावी व चौकशीचा कागद दुरुस्त करून मागावा.

५. माझ्या नावाचा दगड कुठेही बसवू नये.

सहीपूर्वीची दुरुस्ती: मुलीने आज धाकटीला बोलावून आणले. ती बसली नाही. उभ्यानेच सगळे वाचले आणि म्हणाली, "घराचं राहू द्या, दादा. हे चौथं तुम्ही मेल्यावर कशाला? पाय चालतायत तोवर चला."



सबब कलम चार रद्द. उद्या सकाळी दहा वाजता मी तिच्याबरोबर खाणीवर जाणार आहे. वाटेत ती माझ्याशी बोलेल असे वाटत नाही. कलम दोन कायम.

लिहून देणार: (सही) थोरला, वायरवाला
साक्षीदार: (सही) शेजारचे शिंपी
(सही) दवाखान्यातील नर्सबाई
ठिकाण: राहते घर, पुढची खोली
दिनांक: ९ मार्च २०२६, सोमवार