बीटरची दर्शनी बाजू

१६ नोव्हेंबर १९७४, पलूस

आज ह्यांच्याशी एक अक्षर बोलले नाही! सकाळी भांडण झालं— म्हणजे मी भांडले, हे हसले. मी विचारलं, नानासोंना काय उत्तर देणार? तर म्हणे, "व्हय, आंगुळीला जातो." पलटणीच्या बँडात बारा वर्षं काढली, पण बायकोच्या प्रश्नाला सरळ उत्तर देतील तर शपथ!

नानासो सांगलीच्या बँडचे मालक; हे त्यांच्याकडे ड्रम वाजवतात. तुळशीची लग्नं लागली की सुपाऱ्या सुरू. काल त्यांचा निरोप आला— "सयाजीरावांचं सामान लय जुनाट दिसतंय. बँडच्या गाडीवर समदं चकचकीत पायजे. पुढच्या रविवारी दावा, न्हाईतर तरणा गडी बघतो." ह्यांचा जीव त्या ड्रममध्ये. तो सुटला तर हा माणूस घरात बसून वाळून जाईल. मला ती भीती वाटते.

दिवेलागणीपर्यंत अबोला. फरक शून्य! उलट एक भाकरी जास्त खाल्ली.

१७ नोव्हेंबर

पत्र्याच्या ट्रंकेतून सगळं काढलं. ड्रमला रंग देता येईल, कड्या चिंचेनं उजळतील. अडचण बीटरची. पायानं पेडल दाबलं की जो गोळा ड्रमवर आपटतो, तो बीटर. असे दोन आहेत, साहेबाच्या काळातले. पलटणीनं मोडीत काढले तेव्हा ह्यांनी मागून घेतले. दांड्या गंजलेल्या. गोळ्यावरची लोकर पिवळी, कसरीनं खाल्लेली. आणि जिथं ठोका पडतो तिथं तर आतलं लाकूडच उघडं पडलंय! लाज वाटते बघून. ह्यांना काही विचारायचं नाही, मीच नवे करणार.

१८ नोव्हेंबर

शाळा सुटल्यावर रहिमान पिंजाऱ्याकडे. घोंगडीचा तुकडा नेला होता. त्यानं हसून परत केला. "न्हाई मास्तरीणबाई, इणलेलं चालत न्हाई. बुरणूस लागतोय. लोकर इणायची न्हाई, भिजवून दाबायची." चार दिवसांनी या म्हणाला.

२० नोव्हेंबर

दांड्या रॉकेलात बुडवल्या, राखेनं घासल्या. बोटं काळी ती काळीच. दुसरीच्या वर्गातल्या पोरी म्हणाल्या, बाई, तुम्ही गाडी दुरुस्त केली का?

२२ नोव्हेंबर

जमलं! रहिमाननं बोटभर जाडीचा बुरणूस दिला, पांढरा, मऊ. सरस शिजवला— घरभर काय तो वास! ओला बुरणूस गोळ्यावर ताणला, दोऱ्यानं आवळला, वाळल्यावर दोरा सोडून ब्लेडनं लव तासली. उघडं लाकूड कुठं होतं ते शोधूनही सापडणार नाही. नुकत्या काढलेल्या लोण्याचे गोळे जणू.

ह्यांच्या हातात दिले. ठोका पडतो त्या अंगावर अंगठा दाबून बघत बसले. "हितलं लाकूड झाकलंस?"

"मग काय उघडं ठेवू? लोक हसतील!"

माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "लय झ्याक झालंय. हात दुखलं असतील तुजं." एवढं बोलले आणि मी विरघळले. मूर्खच मी.

२४ नोव्हेंबर

सांगलीला गेलो होतो. लिहायला हात होत नाही.

सामान बघून सगळे खूश. नानासो बीटर हातात घेऊन म्हणाले, "इलायती वाटतंय की!" मग वाजवणं सुरू झालं. हे नेहमीसारखे अनवाणी. आणि ठोका चुकला. पुन्हा चुकला. नानासोंनी हात वर केला, सगळे थांबले— हे मान खाली घालून एकटेच वाजवतायत! पोरं फिदीफिदी हसली. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"सामान नवं झालं, पर गडी जुना झाला," नानासो म्हणाले. "मंगळवारी शेवटचं बघतो."

मुद्दाम केलं ह्यांनी! मी न विचारता बीटर नवे केले म्हणून.

२५ नोव्हेंबर

शाळेतून आले तर हे परसात पाठमोरे बसलेले. हातात ब्लेड. माझा बुरणूस खरवडत होते! ठोक्याच्या अंगाचा पार काढला, लाकूड उघडं केलं. मी पाठीमागून ओरडले— चार दिवस राबले मी, बोटं सोलली, तुम्हाला किंमत नाही, चालले मी साताऱ्याला माहेरी! मान वळली नाही. इतका अपमान! कळशी आपटली, तरी नाही. शेवटी माझी सावली पुढ्यात पडली तेव्हा दचकले. "आगं, कवा आलीस?"

नाटकी कुठले.

२६ नोव्हेंबर

नानासोंनी ठेवलं. आज एकही ठोका चुकला नाही. बीटर लोकांच्या बाजूनं पांढरेशुभ्र, ड्रमच्या बाजूनं उघडं लाकूड.

परतताना एसटीत, इतक्या माणसांत, ह्यांनी माझा हात धरला. "कमी कमी हुत गेलं बग. गेल्या पावसाळ्यापास्नं कानानं कायच ऐकू येत न्हाई. लाकडाचा दणका पेडलातनं तळपायाला कळतो, त्यावर वाजवतो. बुरणसातनं न्हाई कळला. तू एवढं हौसंनं केलंतंस... कसं सांगू?"

त्या शनिवारी मी दिवसभर अबोला धरला होता. ह्यांच्यासाठी तो रोजच्यासारखाच दिवस होता.