एका हाकेला दोघी

॥ श्री ॥

धार, २० ऑगस्ट १९८९

चि. सौ. प्रमोदिनी हीस,
माईचे अनेक उत्तम आशीर्वाद वि. वि.

तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. उत्तराला उशीर झाला तो आळसाने नव्हे. दोनदा लिहायला बसले, दोन्ही वेळा ओळी एकमेकींवर चढल्या. आता दादांनी बायकोसाठी जाड निबेचं पेन आणून दिलंय आणि कागदावर फूटपट्टी ठेवून लिहिते आहे. तरी एखादी ओळ उतारावर गेली तर तूही मान वाकडी कर.

इंदूरला डोळे दाखवून आलो. काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येत नाही, उरली आहे ती औषधाने राखायची, असं डॉक्टर म्हणाले. परतताना बस घाटाबिल्लोदला थांबली तेव्हा दादांनी चहा घेतेस का म्हणून विचारलं.

मुद्द्याचं लिहिते. आईंची कुळाचाराची वही आता मला वाचता येणार नाही. सगळं पाठ आहे असं मी सांगत असते. पण गेल्या नवरात्रात अष्टमीला स्तोत्राची तीन कडवी सुटली. दादांच्या लक्षात आलं आणि ते गप्प राहिले. बोलले असते तर बरं वाटलं असतं. आपल्या घरात वाचायचं ते थोरल्या सुनेने स्वतः, दुसऱ्याने वाचून चालत नाही. माझ्या वासंतीचं सगळं शिक्षण हिंदीतलं, आणि भास्करची बदली गंधवानीला. मुलगा-सून दोघंही शनिवारी उगवतात. तेव्हा माझ्यामागे धाकटी जाऊ तूच. घटस्थापनेच्या आधी येऊन देवी देवासला घेऊन जा. वही तू उन्हाळ्यात नेलीस ती तिकडेच राहू दे. मी मनाशी ठरवलंय, वाद घालू नकोस.

भावजींना आशीर्वाद. संध्याकाळी दिवा लावताना तुम्हा दोघांची आठवण होते, तशी तुम्हालाही होवो.

तुझी,
माई


॥ श्री ॥

देवास, २७ ऑगस्ट १९८९

ती. सौ. माईंस,
धाकट्या जावेचा शि. सा. न. वि. वि.

देवी न्यायला मी येणार नाही. मोठ्यांना उलट लिहिते आहे म्हणून आधीच कान धरते.

वही का नेली ते आता सांगून टाकते. आमच्या माधवने ऑफिसातल्या मित्राकडून जुना कॉम्प्युटर घेतला, तो शिवणाच्या टेबलावर ठेवलाय. स्वारी सहा महिन्यांच्या ट्रेनिंगला बंगलोरला जायची होती, त्याआधी त्याने मला टाईप करायला शिकवलं. मॅट्रिकच्या शिदोरीवर एका बोटाने चालते. दुपारी मागचं आवरलं की वही उघडून बसते. हा प्रोग्राम अक्षर हवं तेवढं मोठं करतो. जुलैत पहिलं पान छापलं, एकेक अक्षर हरभऱ्याएवढं. भिंतीवर लावलं तर ह्यांनीही चष्म्याशिवाय झोपाळ्यावरून वाचलं. अख्खी वही अशी छापून तुमच्या हातात द्यायची होती. अचानक.

पण मध्येच घोडं अडलं. फ्लॉपी म्हणजे पाकिटाएवढी चकती, तिच्यात वही साठवलेली आहे. ती वाचणारं कार्ड बिघडलं. माधव दोन दिवस आला, नवं कार्ड बसवलं आणि त्याच पावली गेला. तेव्हापासून पोथी पडद्यावर छान दिसते, पण प्रिंटर अर्धी ओळ छापतो आणि रुसून बसतो. इंदूरहून रघुजी नावाचा मिस्त्री आला. माताजी, इसका तो मदरबोर्ड गया, असं म्हणाला, आणि जेवढ्याला कॉम्प्युटर घेतला त्याच्या निम्मे मागितले. चहा पाजून वाटेला लावलं.

मग मीच हिशेबाच्या वहीत मागचं एक पान काढलं. काय केलं आणि काय झालं, तारीखवार. रिबन बदलली, नाही. वायर बदलली, नाही. प्रिंटर एकटा चालू केला तर आपली एबीसीडी मजेत छापतो, म्हणजे तो निरोगी. नवं कार्ड काढलं तर मशीन उठतच नाही. प्रिंटरची वायर जिथे खोचतात त्या दाराला माधव पोर्ट म्हणतो. तसं दार पडदा चालवणारं जे दुसरं जुनं कार्ड आहे त्यालाही आहे आणि ह्या नव्यालाही. दोन्हीकडे लावून पाहिलं, रड तीच.

घटस्थापनेला महिना आहे. तोवर देवीने आपली जागा सोडू नये, आणि तुम्हीही.

दादांस शि. सा. नमस्कार. रागावलात तरी चालेल, पण पत्रातून रागवा.

आपली,
प्रमोदिनी


॥ श्री ॥

धार, १२ सप्टेंबर १९८९

चि. सौ. प्रमोदिनी हीस,
माईचे अनेक आशीर्वाद वि. वि.

गौरी जेवून सुखरूप गेल्या. तुझं पत्र शनिवारपर्यंत उशाशी ठेवलं होतं. वासंतीने वाचून दाखवलं. तुझा मिस्त्री तिने फार झोकात वाचला, मराठीला मात्र अडखळली.

तुझ्या त्या दोन दारांचं ऐकलं आणि सत्तावन्न साल आठवलं, तू आलीस ते. त्याआधी पाच वर्षं आई माजघरातून सूनबाई म्हणून हाक मारायच्या आणि मी उठायची. तू आल्यावर हाक तीच राहिली, उठणाऱ्या दोघी झालो. कधी दोघीही उंबऱ्यावर एकदम, कधी ती गेली असेल म्हणून दोघीही बसलेल्या आणि तिकडे दूध उतू. त्या आषाढात माझं कोपर लागून तुझ्या हातातला दुधाचा तांब्या पालथा झाला. दूध पार तुळशीपर्यंत गेलं. तू रडायला लागलीस.

आई रागावल्या नाहीत. कोणाला माहेरीही धाडलं नाही. दुसऱ्या दिवशी पानं वाढल्यावर त्यांनी जाहीर केलं की आजपासून सूनबाई ही धाकटी, आणि थोरलीला माई म्हणायचं. मी बाविसाची होते ग. भास्कर रांगत होता. आधी तुम्ही म्हणायला लागलात, मग शेजार, मग भास्कर. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने दादांनी शशिकला लिहिलं होतं, एकांतात तरी ते तसं म्हणायचे. एके दिवशी तेही माई म्हणाले. आता ते नाव रेशनकार्डावर आहे, तिथे सुखात आहे. तक्रार नाही. घर नीट चाललं, दूध पुन्हा सांडलं नाही.

सांगायचं ते हे, की तुझ्या पेटीत तसंच तर नसेल? दोन्ही दारांना मशीन एकाच हाकेने बोलावत असेल तर बिचारी काय करतील. माधवला विचारून बघ.

पेटी उघडायची तर पितृपक्ष आला, असं म्हणशील. नव्याचा आरंभ करू नये. पण अडलेलं मार्गी लावायला हरकत नाही. आई सवाष्ण गेल्या, त्यांची अविधवा नवमी असते त्या दिवशी उघड. वही त्यांचीच आहे, त्या काही बोलायच्या नाहीत. पण अमावास्येपर्यंत जमलं नाही तर मात्र माझं ऐकायचं आणि देवीला न्यायला यायचं.

पत्र धाडत जा. शनिवारची वाट बघायला काहीतरी असू दे.

तुझी,
माई


॥ श्री ॥

देवास, २५ सप्टेंबर १९८९

ती. सौ. माईंस,
प्रमोदिनीचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचलं आणि पोस्टात जाऊन बंगलोरला ट्रंककॉल लावला. मी कधी स्वतःहून फोन करत नाही, म्हणून माधव आधी घाबरला. तुम्ही म्हणालात ते त्याने पुन्हा एकदा सांगायला लावलं. तीन मिनिटांतलं एक असं फुकट गेलं. मग विचारतो काय, की माई को कैसे पता? म्हटलं, त्यांनी दोन सुनांचं घर चालताना पाहिलंय.

तुमचं खरं निघालं. प्रत्येक दाराला एक नंबर असतो, मशीन त्या नंबराने हाक मारतं. जुन्या आणि नव्या, दोन्ही कार्डांवर एकच नंबर लागला होता. घाईत ते बघायचं राहिलं, असं म्हणाला. जुन्या कार्डावर तारांच्या काड्यांची रांग आहे, त्यातल्या दोन काड्यांवर काळी टोपी असते. ती उचलून शेजारच्या जोडीवर बसवली की त्याचा नंबर वेगळा.

नवमीला सवाष्ण जेवून गेली. मग प्लग काढला, अंगातली वीज जावी म्हणून खिडकीच्या गजाला हात लावला, बांगड्या कोपराकडे सारल्या आणि पेटी उघडली. ती टोपी मुगाच्या डाळीएवढी. चिमट्यातून निसटली ती दिसेचना. अर्धा तास आम्ही दोघं जमिनीवर. शेवटी ह्यांच्या पायमोज्याला चिकटलेली निघाली. तोवर मलाच दोष देणं चाललं होतं. बसवली, देवाचं नाव घेतलं, बटण दाबलं. प्रिंटर पूर्ण ओळ छापून गेला, मग दुसरी. मी तिथेच भुईवर बसले आणि एक्केचाळीस पानं होईपर्यंत उठले नाही.

थोरल्या कार्डाचीच हाक का बदलायची, असं मी माधवला विचारलं होतं. तो म्हणाला की त्याला जो नवा नंबर मिळाला, मशीन सुरू झाल्या झाल्या तोच आधी पुकारला जातो. ते ऐकून बरं वाटलं.

हिंदी प्रोग्रामाला आपला ळ ठाऊक नाही. तिथे तिथे जागा सोडली होती, ते लाल शाईने हाताने भरलेत. वेडेवाकडे असले तर गोड मानून घ्या.

आणि एक. तो तांब्या तुमच्या कोपराने पडला नव्हता. तुम्ही उठलेल्या मला दिसला होतात. सासूबाईंना मी आधी दिसावं म्हणून मी मुद्दाम पुढे घुसले. मग माझं कोपर लागलं असं तुम्ही म्हणालात आणि मी रडत राहिले, कारण रडलं की कोणी विचारत नाही. तुमचं पत्र येईपर्यंत मला वाटत होतं की माई म्हणवून घेण्यात तुमचा मान वाढला. बत्तीस वर्षांत हे विचारलंही नाही, सांगितलंही नाही.

पोथी धारच्या बसचे कंडक्टर फत्तेसिंग ह्यांच्या हाती देते आहे, भला माणूस आहे. पहिलं पान वासंतीकडून वाचून घेऊ नका. दिवसाउजेडी ओसरीत बसून स्वतः वाचा.

चुकलेली असले तरी तुमचीच,
प्रमोदिनी


॥ श्री ॥

धार, १ ऑक्टोबर १९८९

चि. सौ. प्रमोदिनीस,
भरभरून आशीर्वाद वि. वि.

काल घट बसले. धारलाच.

फत्तेसिंग पोथी घरी आणून देऊन गेले, पाणीसुद्धा घेतलं नाही. मी ओसरीत बसले आणि पहिल्या पानावर बोट फिरवत गेले. आईंनी सांगितले, शशिकलेने लिहून घेतले. एवढंच छापलंयस. अक्षरं सगळी दिसली, पण हे माझं नाव आहे हे लक्षात यायला जरा वेळ लागला.

दादा चष्मा पुसत आले, काय लिहिलंय म्हणून विचारलं. तुम्हीच वाचा म्हटलं. त्यांनी मोठ्याने वाचलं आणि नावापाशी थांबले. मग नुसतंच नाव पुन्हा एकदा म्हणाले. मला कोणीतरी आतून बोलावल्यासारखं वाटलं ग, मी ओ दिली.

काल पहिल्या माळेला सगळं वाचलं. एकही कडवं सुटलं नाही. दादा मागे बसून ऐकत होते आणि वासंतीने पुढच्या वर्षी मलाही असं मोठं हवं म्हणून सांगितलंय. तुझे लाल ळ लांबून ओळखू येतात, पाय फाकवून उभे आहेत, शाळेत होते तसेच असतील. राहू देत, बदलू नकोस.

तांब्याचं म्हणशील तर तू पुढे घुसलीस ते मला दिसलं होतं. मीही थांबले नव्हते. मलाही आईंना आधी दिसायचं होतं.

अष्टमीला दोघंही या. हाक मारली की दोघी मिळून उठू.

तुझी,
शशिकला