कॅमेरा बदलण्याची तांत्रिक कारणं

४ फेब्रुवारी
निर्णय झाला. आजपासून ऑटोफोकस. माझा हाताने फोकस करायचा जुना कॅमेरा आणि त्याच्या लेन्स कपाटात गेल्या, हिचा कॅमेरा टेबलावर आला. कारणं पूर्णपणे तांत्रिक आहेत. वजन कमी, वेग जास्त. ही जाऊन तीन महिने झाले, आणि कॅमेरा नुसता पडून राहिला तर लेन्सला बुरशी धरते. एवढंच.

मुलीला फोनवर कळवलं. ती म्हणाली, ऑटोफोकस म्हणजे फोटो काढणं नव्हे, वॉशिंग मशीन लावणं, असं तुम्ही आईला आयुष्यभर ऐकवलंत. मी म्हटलं, माणसाने काळाबरोबर चालावं. त्यावर फोनमध्ये नाक ओढल्यासारखा आवाज आला. लाइन खराब असावी.

५ फेब्रुवारी, सकाळ
दोन्ही कॅमेऱ्यांची शास्त्रशुद्ध तुलना सुरू. विषय: खिडकीतली कुंडी.

माझ्या लेन्सची रिंग डावीकडे फिरवली की लांबचं स्पष्ट होतं, हिच्या लेन्सची उजवीकडे. दोन कंपन्यांचं एवढ्यावरही एकमत नाही. अर्थात हिच्या लेन्सवर रिंग फिरवायचीच नसते. बटण अर्धं दाबायचं, 'टिक' होतं, काम संपलं. तरी हात आपला रिंग शोधत बसतो.

मला एका फोटोला मिनिट लागायचं. नातेवाइकांत माझं नावच 'थांबा' पडलं होतं. भाचरं थांबामामा म्हणायची. माझं होईपर्यंत निम्मी मंडळी जेवायला निघून जायची. ही मात्र जागची हलायची नाही. ओठ न हलवता विचारायची, झालं का, गॅसवर दूध आहे.

आता प्रत्येक फोटोमागे मिनिट वाचतं. त्या मिनिटाचं काय करायचं ते ठरवायचं आहे.

९ फेब्रुवारी
हिच्या कॅमेऱ्यात दोष आहे. डोळा लावला की सगळं धूसर दिसतं. 'टिक' झालं तरी धूसरच. फोटो मात्र लख्ख येतो. लेन्स पुसली. चष्मा पुसला. डोळे पुसले. फरक नाही. कंपनीला कडक भाषेत पत्र लिहायचं.

१० फेब्रुवारी
पत्र लिहिलं नाही. वॉरंटी कार्ड हिने कुठे ठेवलंय ते विचारायला हवं, असं म्हणून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो. सवय.

११ फेब्रुवारी
मेहुणे आले होते, म्हणजे हिचा धाकटा भाऊ. कॅमेरा डोळ्याला लावला आणि हसायलाच लागले. म्हणाले, भाऊजी, दोष कसला डोंबलाचा. आपण डोळा लावतो तिथे शेजारी हे एवढंसं चाक असतं. ज्याने त्याने आपल्या नंबराप्रमाणे फिरवून घ्यायचं. ताई चष्मा काढून फोटो काढायची ना, तिच्या डोळ्याला लावलेलं आहे हे. थांबा, तुमच्या डोळ्याला लावून देतो.

मी कॅमेरा काढून घेतला. जरा जोरात घेतला असावा, कारण त्यांचा चहा कलंडला. मी म्हटलं, ही चाकं नाजूक असतात, उगाच फिरवली की झिजतात. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कपाकडे पाहिलं, आणि म्हणाले, खरंय, झिजतात. पुसायला फडकंही त्यांनीच आणलं. नेहमी वाद घालणारा माणूस. तब्येत बरी नसावी.

१२ फेब्रुवारी
शांतपणे विचार केला. चाक फिरवायचं नाही. झीज. चाक फिरवायचं नाही म्हणजे मला धूसर दिसणार. धूसर दिसणार म्हणजे हाताने फोकस करता येणार नाही. म्हणजे ऑटोफोकसला पर्याय नाही. किती सरळ आहे. आमचा इतक्या वर्षांचा वाद आज मिटला, आणि निकाल हिच्या बाजूने लागला. घरात कोणी नव्हतं म्हणून मोठ्याने सांगितलं.

१६ फेब्रुवारी
ऑफिसात साहेबांचा निरोप समारंभ. फोटो माझ्याकडे. नकाशा विभागात दुसऱ्या कोणाकडे असणार? मी सगळ्यांना सांगितलं, आता थांबायचं काम नाही. धडाधड काढले. समोर कोण आहे ते रंगावरून ओळखत होतो. साहेब निळे.

१७ फेब्रुवारी
फोटो पाहिले. साहेब सगळ्या फोटोंत धूसर. मागच्या भिंतीवरचा आग विझवायचा लाल सिलिंडर मात्र असा आला आहे की त्यावरच्या सूचना वाचता येतात. यात लेन्सची चूक नाही. लेन्स स्थिर वस्तू पसंत करते, आणि साहेब भाषण करताना डुलतात.

१९ फेब्रुवारी
साहेबांचा निरोप आला. फोटो पोचले, आभारी आहे. सिलिंडरची मुदत दोन वर्षांपूर्वीच संपल्याचं फोटोमुळे लक्षात आलं, तो बदलायला सांगितलं आहे. म्हणजे उपयोग झालाच.

ऑफिसातली मुलं सुचवतात, डोळ्याजवळ एक चाक असतं सर. सगळ्या जगाला त्या चाकाचीच पडली आहे.

२२ फेब्रुवारी
शनिवारी मुलगी येते आहे. तिला आवरायची खोड आहे. दिसेल ते पुसते, दिसेल ते सरळ करते. चाकाची कायमची व्यवस्था लावली पाहिजे. वरून चिकटपट्टी. बारीक कात्री, चिमटा, सगळी तयारी केली. नकाशे काढण्यात हयात गेली, एवढंसं काम काय अवघड.

२२ फेब्रुवारी, दुपार
पट्टी लावली. लावताना चाक फिरलं.

समोरच्या गॅलरीतले कपडे वाळत घालायचे चिमटे एकेक मोजता येत होते. फार स्पष्ट.

मग चाक उलट फिरवलं. धूसर झालं. पण एवढंच होतं, की याहून जास्त? थोडं इकडे. थोडं तिकडे. धूसर किती तऱ्हेचं असतं याची मला कल्पना नव्हती. अंधार पडेपर्यंत फिरवत होतो. झिजलं असेल.

२३ फेब्रुवारी
युक्ती सुचली. हिच्या चष्मेवाल्याला फोन केला. नंबर त्याच्याकडे आहे. पण दोन डोळ्यांचे दोन वेगळे. कुठल्या डोळ्याचा हवा, म्हणाला.

कॅमेऱ्याला ही कुठला डोळा लावायची ते मला सांगता येईना. नंतर करतो म्हटलं आणि फोन ठेवला.

हिचे मी काढलेले सगळे फोटो पाहिले. पुष्कळ आहेत, आणि सगळे नीट फोकसमध्ये. कॅमेरा डोळ्याला लावलेली ही एकातही नाही. फोटो काढतो, तो आधी खाली ठेव, असं मीच सांगायचो.

२४ फेब्रुवारी
मुलगी आली. आल्या आल्या कॅमेरा उचलला आणि ही पट्टी कसली म्हणाली. मी तांत्रिक बाजू तेवढी समजावून सांगितली. तिने मध्येच थांबवलं.

"डावा," ती म्हणाली. "डावा डोळा लावायची आई. आणि उजवा मिटायचीच नाही."

मी म्हटलं, ही पद्धत चुकीची आहे, लक्ष दोन ठिकाणी जातं.

"जायचंच. तुम्ही कायम तिच्या उजवीकडे उभे. तुमचं ते रिंग फिरवणं चालू असायचं, तोवर तिचा फोटो काढून व्हायचा. पण कॅमेरा खाली घ्यायची नाही. तशीच तुमच्याकडे बघत राहायची, बाबा. तुमचं होईपर्यंत."

मी म्हटलं, मला कधी दिसलं नाही. ती म्हणाली, कसं दिसेल, तुम्ही फोकस करत होतात.

२५ फेब्रुवारी, सकाळ
चष्मेवाल्याकडून डाव्याचा नंबर घेतला. चाकावर आकडे नाहीत, त्यामुळे मुलीने अंदाजाने लावून दिलं. धूसर आहे. हेच असावं.

मग हिच्या पद्धतीने पाहिलं. डावा डोळा कॅमेऱ्याला, उजवा उघडा. सोपं नाही. डाव्याने बघायला लागलो की उजवा मिटतो, उजवा उघडा ठेवायला गेलो की दोन्ही मिटतात. प्रत्येक फोटोमागे वाचणारं मिनिट आता यातच घालायचं ठरवलं: फोटो झाला तरी कॅमेरा खाली घ्यायचा नाही, उजवीकडे मी उभा राहायचो तिथे बघत राहायचं.