ताडपत्रीखालचा पिंजरा

येडगाव, ता. जुन्नर
९ फेब्रुवारी २०२५

चि. श्रेयास,
तात्याचे अनेक आशीर्वाद.

पत्र पाहून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहेत. तीस हंगाम साखर कारखान्याच्या मिलजवळ काढून माझे कान गेले, हे तुला ठाऊकच आहे. फोन करायचा तर स्पीकर लावावा लागतो, आणि स्पीकर लावला की शेजारच्या सारजाबाईच्या ओसरीपर्यंत ऐकू जातं. आपला विषय त्या ओसरीवर जाण्यासारखा नाही.

बोट सुखरूप पोहोचली. तुमच्या बोट क्लबाने ती भंगारात काढली याचं मला नवल वाटतं. इंजिन मधोमध, पेटीखाली झाकलेलं. तिथून दांडा तळातून बाहेर जातो आणि त्याच्या टोकाला पाणी कापणारा पंखा. आमच्या उपसा पंपाचीच ही धाकटी बहीण. भैरवनाथाच्या यात्रेपर्यंत ती चालू करतो. मग तू पायांत फळी बांध, दोरी धर आणि मागच्या लाटेवर काय त्या उड्या मारायच्या त्या मार. बोट मी चालवीन.

अडचण एकच, तुझी काकी. मागच्या साली मी जुनं मळणीयंत्र आणलं तेव्हाच तिने बजावलं होतं, की आता अंगणात एकही भंगार आलं तर दुसऱ्या दिवशी टेम्पोत घालीन. ती बोलते तसं करते. म्हणून बोटीवर ताडपत्री टाकली आणि तिला सांगितलं, की फॉरेस्टवाल्यांनी बिबट्याचा पिंजरा ठेवायला दिलाय, जवळ जाऊ नकोस. यात्रेत धरणात चालवून दाखवली की तिला बोलायला जागा राहणार नाही. त्याआधी कळलं तर बोट गेलीच समज.

उत्तर घरी नको. माझा मित्र म्हस्कू, त्याच्या पत्त्यावर पाठव.

तुझ्यावर लोभ आहे, तो काकीला कळू देऊ नये.
तुझा,
तात्या


पानशेत
१७ फेब्रुवारी २०२५

ती. तात्यांस,
शि. सा. न. वि. वि.

पिंजऱ्याचं वाचून मी क्लबात एकटीच हसत बसले. आता कामाचं. इंजिन गार ठेवायला जो छोटा पंप आहे, त्याच्यातली रबरी पंखी बदला, जुनीच्या पाकळ्या झडल्या असतील. पेट्रोलचं इंजिन आहे, म्हणून चालू करण्याआधी पेटी उघडून आतला पंखा पाच मिनिटं फिरवायचा. कोंडलेली वाफ पेटली तर मिशा जातील. दांडा तळातून जातो तिथली पाणी अडवणारी दोरी फार आवळू नका, दोन-चार थेंब पडले पाहिजेत.

लाट मोठी हवी तर बोटीच्या मागल्या बाजूला तीन-चारशे किलो वजन लागेल, दोन्हीकडे सारखं आणि न हलणारं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तळाच्या भोकाचं मागचं पितळी बूच. पाण्यात सोडताना लावायचं, बाहेर आल्यावर काढायचं. चांगले चांगले लोक ते विसरतात.

धरणाच्या परवानगीचा कागद आणि चार जाकिटं मी आणते. यात्रेची रजा टाकली आहे. काकीशी खोटं बोलताना मला फार वाईट वाटतं, पण थोडीशी मजाही वाटते.

आशीर्वाद असावा, इंजिन तापलं तरी.
आपली,
श्रेया


येडगाव
२४ फेब्रुवारी २०२५

चि. श्रेयास,
काकीचे आशीर्वाद, आणि भेटल्यावर एक चापट.

तुझं पत्र म्हस्कूच्या घरी पोहोचलं. त्या घरात वाचता येणारं कोणी नाही, हे तुझ्या तात्याच्या डोक्यात आलं नाही. म्हस्कू मेंढरांमागे गेलेला, म्हणून त्याच्या बायकोने, म्हाळसाबाईने, ते माझ्याकडेच वाचायला आणलं. मी पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचलं. म्हाळसाबाई म्हणाली, लई ग्वाड लिव्हलंय पोरीनं. मग आम्ही ते पुन्हा चिकटवून ठेवलं.

तसं मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. पिंजऱ्याला पेट्रोलचा वास कशाला येईल? पण मीही कमी नाही. गावभर सांगितलं, की आमच्या दारात पिंजरा आलाय. तेव्हापासून रोज कोणीतरी येऊन तो आपल्या उसात नेऊन ठेवा म्हणतं आणि तात्या घाम पुसत नवीन कारणं देतो. सारजाबाई तर सावज म्हणून कोंबडी देऊन गेली. ती ताडपत्रीखाली खुडूक बसली आहे.

आता खरं सांगते. मला बोटीचा राग नाही. तुझ्या तात्याला पोहता येत नाही. जन्म नदीकाठी गेला, पण हे मला एकटीला माहीत आहे. सगळे पाण्यात उतरले की हा काठावर कपडे राखत बसतो आणि म्हणतो, चोर फार झालेत. मी पाठीला भोपळे बांधून कुकडी ओलांडलेली बाई. हा माणूस गळक्या बोटीत बसून खोल पाण्यात जाणार, या विचाराने मला जेवण जात नाही.

म्हणून ते पितळी बूच मी काढून हिंगाच्या डबीत ठेवलं आहे. त्याच्या तोंडावर त्याला पोहता येत नाही म्हटलं तर तो जन्मभर रुसेल. तेव्हा तू काहीतरी कर. मी लिहिल्याचं बोलू नकोस.

तुझ्यावर माया आहे, पण लबाडी पुरे.
काकी


पानशेत
४ मार्च २०२५

ती. तात्यांस,
सा. न. वि. वि.

घाईत लिहिते. आमच्या क्लबाचा एक नियम सांगायचा राहिला. बोट चालवणाऱ्याला पंचवीस मीटर पोहून दाखवावं लागतं. तुम्हाला काय, डाव्या हाताचा मळ. पण नियम म्हणजे नियम. आल्या आल्या तुमची परीक्षा घेईन, नाहीतर मी फळीवर उभी राहणार नाही.

रागावू नये, माया कमी करू नये.
आपली,
श्रेया


येडगाव
२२ मार्च २०२५

चि. श्रेयास,
अनेक आशीर्वाद.

इंजिन लागलं. निळ्या पिंपात नळी सोडून पाणी दिलं आणि दुसऱ्या झटक्यात बोललं. थेंबांचं तू मला शिकवू नकोस. चाळीस वर्षं पंपांच्या दोऱ्या मी भरतोय. थेंब बंद केला की दांडा तापतो, हे मला झोपेतही कळतं.

वजनासाठी म्हस्कू वीस मेंढरं देतो म्हणाला. पण मेंढरू एक बिचकलं की सगळी एकाच बाजूला पळणार, म्हणून मी हात जोडले.

बूच मात्र नाहीसं झालं. मी लेथवर दुसरं करून आणलं, तेही चार दिवसांत गेलं. उंदरांवर, खुडूक कोंबडीवर, अगदी म्हस्कूवरही संशय घेतला.

आता तुझ्या नियमाचं. म्हटलं तर पोहणं मला येतच होतं, फक्त कधी करून पाहिलं नव्हतं. म्हस्कूच्या विहिरीला पायऱ्या आहेत. दुपारी सगळे आडवे झाले की पाठीला प्लास्टिकचा डबा बांधून मी तिथे हातपाय मारायला लागलो. म्हस्कू काठावरून, मेंढरू धुताना बोलतात तसं बोलायचा. सहाव्या दिवशी वर पाहतो तर तुझी काकी पायरीवर उभी. म्हणाली, डबा सोडा. मी म्हटलं, पिंजऱ्याचं काम चाललंय. ती म्हणाली, तुमचा बिबट्या लई दिवस कोंबडीसंगं नांदतोय, आता डबा सोडा. मग काष्टा मारून स्वतः उतरली, माझ्या हनुवटीखाली हात धरला आणि डबा सोडवला. मी चार घोट पाणी प्यालो आणि चाळीस वर्षांत प्रथमच तिला सांगितलं, की मला भीती वाटते. ती म्हणाली, ठावं हाय.

वर आल्यावर तिने पदराची गाठ सोडून दोन्ही बुचं दाखवली. डब्याशिवाय विहिरीला चार फेऱ्या झाल्या की एक मिळेल, असं ठरलं आहे. तीन झाल्या. यात्रेत मागच्या बाकावर ती आणि सारजाबाई वजन म्हणून बसणार आहेत. दोघींचं वजन विचारायची माझी छाती झाली नाही.

लोभ असावा, चौथ्या फेरीसाठी नवस बोलावा.
तात्या


येडगाव
६ मे २०२५

चि. श्रेयास,
काकीचे अनेक आशीर्वाद.

यात्रेला तू आलीस, घर भरलं, तात्या तुझ्या परीक्षेत कसाबसा पास झाला. तू लाटेवरून उडालीस तेव्हा शर्यतीच्या घाटातला निवेदक बैलगाड्यांची बारी सोडून तुझे सेकंद मोजायला लागला, हे गाव अजून विसरलेलं नाही. सारजाबाई सगळ्यांना सांगते, की लाट तिची होती. कोंबडीला नऊ पिल्लं झाली, त्यातली चार आपली.

दुसरी बातमी अशी, की परवा तुझ्या तात्याने बोट बुडवली. मी धरणावर धुणं धूत होते. हा एकटाच बोट घेऊन निघाला, काठापासून बराच आत गेला आणि इंजिन बंद करून थेंब बघत बसला. थेंब कसले, पाणी गुडघ्याला लागलं तेव्हा लक्षात आलं. बूच लावलंच नव्हतं. जाकीट होतं, पण ते बसायला मऊ म्हणून खाली घेतलेलं, आणि वाहून गेलेलं.

मी पदर खोचून पाण्यात धावले. तोवर त्याने उडी टाकली होती. श्रेया, तो पोहत आला. मान वाकडी, तोंड उघडं, म्हस्कूच्या विहिरीत येतो तसाच. मी कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून तो मारतो ते हात मोजत होते. पंचेचाळीस हात झाले तेव्हा त्याचा हात माझ्या हाताला लागला. तो म्हणाला, कुशे, बूच खिशातच व्हतं गं. मी आधी रडले आणि मग त्याला सारजाबाईच्या ओसरीपर्यंत ऐकू जाईल असं बोलले. त्यालाही नीट ऐकू गेलं.

बोट पुरती बुडाली नाही, म्हस्कूने दोर लावून ओढली. आता इंजिन उघडून अंगणात वाळत घातलं आहे. मी टेम्पो बोलावलेला नाही.

तुझा लोभ आमच्यावर राहू दे, दोघांवर सारखा.
तुझी,
काकी

ता. क. बूच पुन्हा माझ्या पदराला आहे. बोट दुरुस्त झाली की तो मागायला येईल. मी नाही म्हणणार नाही, पण ते मी माझ्या हाताने लावणार आणि मागच्या बाकावर जाऊन बसणार आहे.