दोन फोन, एक सिम

४ नोव्हेंबर, मंगळवार

पुन्हा दुपारची पाळी. सुटेपर्यंत काळोख. उमरखेडच्या एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसून इतकी वर्षं झाली, पण दिवस लहान झाले की दरवर्षी वाटतं, आता पुरे. मोहन फाटकाशी गाडी घेऊन उभे होते. त्यांनी हाक मारली, आवाजाच्या दिशेने गेले. (तोंडाने नवऱ्याचं नाव घेत नाही, इथे लिहिते.)

गाड्यांचे बोर्ड आता नळीतून पाहावे तसे दिसतात. एक अक्षर धरलं की शेजारचं सुटतं. आज नांदेड आणि पुसद दोन्ही एकदम लागल्या. माईकवर फलाट सांगितले खरे. नीट वाचलं होतं का, की अंदाजाने...

जाऊ दे. डोकं दुखतंय.

६ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी मोहनने ऑफिसच्या ग्रुपवरचं वाचून दाखवलं. महिनाभर असंच चाललंय. फोनवरची अक्षरं कितीही मोठी केली तरी एका वेळी दोनच शब्द दिसतात, वाक्याच्या शेवटाला येईपर्यंत सुरुवात विसरते.

"काही खास नाही. ड्युटीचंच हाय," म्हणाले.

"अंगठा टाकून द्या," मी म्हटलं. त्यांनी टाकला.

यवतमाळच्या डॉक्टरांनी मागच्या महिन्यात सांगितलं ते दोघांनीही ऐकलंय. कडेची नजर गेलेली, मधली हळूहळू जाईल. औषध नाही. "नजर आहे तोवर बोलता फोन शिकून घ्या," असंही म्हणाले. त्या वाक्यावर घरी अजून कोणी बोललेलं नाही. डेपोत मी कोणालाच सांगितलेलं नाही. लहानपणापासून रात्री दिसत नाही एवढंच त्यांना ठाऊक.

९ नोव्हेंबर, रविवार

सुट्टी. कपाटातून वंदनाचा फोन काढला. धाकटी बहीण, पुण्यात असते. दिवाळीला आली तेव्हा तिचा आधीचा आयफोन देऊन गेली. "ताई, ह्याच्यात आंधळ्यां..." एवढं बोलून गप्प झाली. मग म्हणाली, "बोलायची सोय चांगली आहे ह्याच्यात." मीच तिचा हात दाबला. शब्द तर आहेच तो. कोणाच्या तरी तोंडून पहिल्यांदा निघायचाच होता.

मोहनला तो फोन आवडत नाही. "मले त्यातलं काही कळत नाही. उद्या तू अडकली तर कोणाले विचारशील? पुण्याले फोन लावशील काय? आपला अँड्रॉइडच नवा घेऊ, माझ्यासारखा. मी हाओ ना."

मी हाओ ना. दिवसातून किती वेळा म्हणतात. चांगले आहेत म्हणून म्हणतात. ऐकून थकायला होतं हे कोणाला सांगू?

११ नोव्हेंबर, मंगळवार

वंदनाने कॉलवर सांगत सांगत बोलणं सुरू करून दिलं. बोट ठेवलं की फोन नाव सांगतो, दोनदा टकटक केलं की उघडतो. बाईचा आवाज, मराठी स्वच्छ, पण कुठल्या गावची आहे कळत नाही. पानं सरकवायला तीन बोटं लागतात. माझी दोनच पोचतात, तिसरं मागे राहतं.

वंदनाचे मेसेज मात्र दोघींची करमणूक. ती मला गोरबोलीत लिहिते, तेही इंग्रजी अक्षरात. तांड्यावरची आमची बंजारा भाषा ह्या बाईच्या तोंडी आली की वाटतं परदेशी पाहुणी खडे चावतेय. वंदना तिकडे हसून हसून बेजार. मीही हसले. बऱ्याच दिवसांनी.

सिम अजून जुन्यातच, वंदनाच्या फोनला नेट त्याच्यावरूनच. जुना म्हणजे माझा तडकलेला अँड्रॉइड.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आज खत-बियाण्याच्या दुकानात मोहनची फजिती. दुकानात गर्दी, आणि खिशातला फोन ओरडतोय, "मागे बटण! होम बटण! बॅटरी एकोणचाळीस टक्के!" बंद होईना. जितकं दाबावं तितका जास्त बोलतो. दुकानदाराने विचारलं, "भाऊ, फोनमंदी कोण बसली हाय?" शेवटी तसाच बोलता फोन घेऊन घरी आले, माझ्या हातात दिला. कानापर्यंत लाल.

आवाज वाढवायचं आणि कमी करायचं, दोन्ही बटणं एकदम धरून ठेवायची, वंदनाने फोनवर सांगितलं. मीच बंद करून दिला.

"कायले चालू केला होता?"

"शिकून राह्यलो होतो. तुले सांगता आलं पाह्यजे ना."

चहा केला. कापूस वेचणीला मजूर मिळत नाहीत, दिवसभर शेतात राबतात, तुरीची फवारणी राहिलीय, आणि हे शिकून राह्यले. त्यांच्यासाठी तरी अँड्रॉइडच घ्यावा असं वाटलं. घरात एकसारखे फोन असले की...

१७ नोव्हेंबर, सोमवार

मोहनचं पाहून मीही माझ्या जुन्या फोनवर बोलणं सुरू केलं. दुपारी खिडकीवर गर्दी नव्हती. कानात वायर घातली. इथे पानं दोन बोटांनी सरकतात, हाताला लगेच बसलं. ऑफिसचा ग्रुप उघडला आणि मागे मागे जात राहिले. स्वतःच्या बोटाने, कोणाच्या तोंडाकडे न बघता.

पाच तारखेचा मेसेज. गजाननभाऊंचा, आमचे वाहतूक नियंत्रक. आवाजाने तो त्याच सपाट सुरात वाचला, बॅटरी सांगावी तसा:

"काल अनाउन्समेंट चुकल्याने नांदेडला दवाखान्यात जाणारे म्हातारा-म्हातारी पुसद गाडीत बसले. फाट्यावर उतरावं लागलं. बाबांचा तपासणीचा नंबर हुकला. चौकशीवरच्या मॅडमनी कृपया लक्ष द्यावं."

आणि त्याच्याखाली, माझ्या नावाचा अंगठा.

पुन्हा ऐकलं. मोहनने वाचलं होतं, "काही खास नाही." आणि मी म्हटलं होतं, अंगठा टाकून द्या.

अकरा-बारा दिवस सगळ्या डेपोने तो अंगठा पाहिला. म्हणून गजाननभाऊ हल्ली माझ्याशी तुटक बोलत होते. मला वाटलं, घरी काही असेल त्यांच्या.

कोण होते ते म्हातारा-म्हातारी? खिडकीशी येऊन विचारलं असेल. मी उत्तर दिलं असेल, गोड बोलूनच.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

काल घरी गेल्यावर जेवणं होऊ दिली. मग विचारलं.

मोहनने ताट उचललं, परत खाली ठेवलं.

"वाचलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी कामाले गेली असती काय?"

"नसते गेले. पण त्यांना शोधलं असतं. माफी मागितली असती. तुमी मले अंगठा दाखवाले लावला."

"मले वाटलं, एवढंसं तर हाय. कायले तुले त्रास."

"आणखी काय काय वगळलं?"

"काही नाही."

"खरं सांगा."

मग म्हणाले, वंदनाच्या एका मेसेजमधली एक ओळ. भाऊजींवर सगळं सोडू नकोस, असं लिहिलं होतं तिने. "ती वाचाले मले वाईट वाटलं."

मी रागावले होते, पण ते ऐकून राग धरवेना, सोडवेनाही. आज दिवसभर आम्ही कामापुरतं बोललो.

२० नोव्हेंबर, गुरुवार

आज सगळ्यात आधी गजाननभाऊंकडे गेले. उभ्या उभ्याच सांगितलं. डोळ्यांचं, डॉक्टरांचं, अंगठ्याचं, सगळं. त्यांनी खुर्ची पुढे केली, ती मला दिसली नाही, गुडघ्याला लागली. मग त्यांना कळलं असावं.

"मॅडम, मी तुमाले पर्सनल सांगाले पाह्यजे होतं. ग्रुपवर टाकलं, चुकलं माझं."

"त्या बाबांचं काय झालं?"

"आठ दिवसांनी परत गेले. मीच बसवून दिलं. बरे हायेत."

डेपो मॅनेजर साहेबांना स्वतः सांगेन म्हटलं. त्यांनी मान हलवली असेल. मान हलवलेली मला हल्ली दिसत नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

यवतमाळ. मोहन बरोबर. डॉक्टरांनी दिलेल्या पत्त्यावर शेख सर भेटले. दृष्टी गेलेल्यांना फोन शिकवतात, ते स्वतःही पूर्ण अंध. शर्टाच्या खिशात एक फोन, टेबलावर दुसरा, दोन्ही दोन जातींचे. मी माझे दोन्ही काढून समोर ठेवले. त्यांनी हाताने चाचपूनच ओळखले.

मी विचारलं, कोणता घेऊ?

"दोन्ही चांगले. मराठी दोन्ही बोलतात. ड्युटीचा कागद फोटो काढून पाठवला तर दोघंही अडखळतील. पण दोन एकदम शिकू नका. इथे दोन बोटं, तिथे तीन, हात गोंधळतो. एक धरा. आणि आत्ताच डोळे मिटून शिका, नजर असताना."

मग म्हणाले, "मी सगळ्यांना एकच विचारतो. रस्त्यात फोन अडला तर पहिली हाक कोणाला माराल? त्याच्याकडे जो असेल तो घ्या."

मोहन शेजारीच बसले होते. त्यांच्या खुर्चीचा आवाज झाला. माझ्या मनात आलं ते असं, की मला हाक मारायचीच नाही. मारावी लागू नये म्हणून तर फोन हवाय. हे त्यांच्यासमोर कसं बोलणार?

शेख सरांनी मग चहा मागवला.

येताना गाडीत मोहन एवढंच म्हणाले, "विचार कर निवांत. माझं काही नाही."

२५ नोव्हेंबर, मंगळवार

काल-आज दोन्ही फोन आलटून पालटून. शेख सरांनी करू नका सांगितलं तेच. वंदनाच्या फोनवर टाईप करताना चुका कमी होतात, अक्षर नीट सांगतो असं वाटतं. की तो मी रोज तिच्याशी बोलत शिकले म्हणून? जुन्यावर बोटं आपोआप चालतात. पण स्क्रीन तडकलेली, बोट अडकतं. नवा घेतला तर तसं होणार नाही.

वंदना म्हणते, "ताई, भाऊजींना वाईट वाटेल म्हणून ठरवू नकोस. आणि मला बरं वाटावं म्हणूनही नको." मग कशावरून ठरवू? हातांना विचारलं तर हात दमलेत.

याडी, म्हणजे माझी आई, तांड्यावरून बोलली. तिला सगळं सांगितलं. मग, तुझ्या मामाला तर काठीच होती, म्हणाली. तो तांड्यातल्या सगळ्यांना पावलांवरून ओळखायचा. मग एकदम विचारलं, जेवलीस का?

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

डेपो मॅनेजर साहेबांना भेटले. नीट ऐकून घेतलं त्यांनी. वरिष्ठांना विचारून कळवतो म्हणाले. माईकवर बोलायचं काम तर तुमच्या आवाजाचंच आहे, असं काहीसं म्हणाले, पण फलाट कोण सांगणार, ते बोलले नाहीत.

बाहेर आले. दोन फोन पर्समध्ये, एकात सिम, एक मोकळा. स्टँडवर इतकी वर्षं लोकांना सांगतेय, तुमची गाडी अमुक फलाटावर. आणि आज खांबाला धरून उभी, की मोहन येतील.

आले. हात नाही धरला. आपलं कोपर पुढे केलं. शेख सरांनी त्यांना बाजूला घेऊन शिकवलं असणार. मी धरलं.

३० नोव्हेंबर, रविवार

सकाळी अंगणात उन्हात बसलो होतो. फोन वाजला. माझे हात कणकेचे. मोहन म्हणाले, "साहेबांचा मेसेज हाय. वाचू, की तू ऐकतं?"

असं त्यांनी पहिल्यांदाच विचारलं.

"वाचा."

त्यांनी वाचलं. "उद्या कार्यालयात यावे. नेत्रतपासणीचे कागद सोबत आणावे." इथे आवाज खाली गेला. थांबतील असं वाटलं. थांबले नाहीत. "पुढील निर्णय होईपर्यंत चौकशीच्या खिडकीवर बसू नये."

"परत वाचा."

परत वाचलं, तसंच. शेवटची ओळही वाचली.

"अंगठा टाकू काय?" म्हणाले आणि लगेच, "नाही, नाही. तूच लिही."

हात धुऊन आले. दोन ओळी लिहायला अर्धी सकाळ गेली. डोळे मिटून लिहिल्या. जुन्यावरच, सिम त्यात म्हणून. एक शब्द चुकला होता, तसाच गेला.

संध्याकाळी वंदनाचा फोन चार्जिंगला लावलेला दिसला. मी लावला नव्हता. जुनाही शेजारी.

"उद्या कोणता नेतं?" मोहनने विचारलं.

"सकाळी पाहू," म्हटलं.